डॅशबोर्डमागची काळी वायर

गाडीत वायर जळाली की पहिला आळ गाणी लावायच्या टेपवर येतो. मग उंदरांवर, मग आधीच्या मालकावर, आणि शेवटी "जुनी गाडी म्हटलं की हे चालायचंच" असं म्हणून सगळे हात झटकतात. आमच्या जुन्या प्रीमिअर पद्मिनीच्या बाबतीत हे सगळं क्रमाने पार पडलं. टेप काढून कपाटात ठेवला. कुणाच्या तरी सांगण्यावरून बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधली. उंदीर गेले की नाही ते कळलं नाही, पण गाडीला पानपट्टीचा वास मात्र बरेच दिवस येत राहिला. इचलकरंजीच्या ज्या डॉक्टरांकडून गाडी घेतली, त्यांना फोनवर आडून आडून विचारून झालं. आणि एवढं सगळं करून वायर पुन्हा जळाली. तीच वायर, त्याच जागी.

ही वायर स्पीडोमीटरच्या मागे असते. काळी, बारीक, हातभर लांब. एक टोक मीटरच्या पत्र्याला, दुसरं डॅशबोर्डखाली बॉडीला. मीटरमधले दोनचार चिमुकले दिवे आणि पेट्रोलचा काटा यांचा करंट परत नेणं एवढंच तिचं काम. फार तर एखादा अँपियर. तेवढ्याने ती कोमटसुद्धा होऊ नये. पण मीटर उतरवून पाहिला तेव्हा तिचं आवरण वितळून गळून गेलेलं, आतली तार काळी ठिक्कर, आणि शेजारून जाणाऱ्या इंडिकेटरच्या, वायपरच्या वायरी तिला चिकटून सगळ्यांचा मिळून एक गोळा झालेला. जळक्या पीव्हीसीचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना वर्णन नको. त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते, त्यामुळे तो नाकाच्या आधी घशाला कळतो.

जवळच्या गॅरेजमध्ये नवी वायर टाकून घेतली. "मॅडम, आता आधीपेक्षा जाड टाकलीय, बघायला नको," असं सांगून त्यांनी पैसे घेतले. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, तेव्हा जाड वायर म्हणजे कमी रोध आणि कमी रोध म्हणजे कमी उष्णता, हा हिशेब मलाही पटला. प्रत्यक्षात जाड वायर आधीच्यापेक्षा जोरात जळाली. त्यानंतर निदान आलं, "अख्खं वायरिंग बदलावं लागेल." रक्कम ऐकून घरातल्यांनी "विकून टाक आता" हे पालुपद पुन्हा सुरू केलं. त्यांचंही सगळंच चूक नव्हतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, आणि ज्या कामाला पूर्वी ६०० रुपये पडायचे त्याचे एप्रिल २०२२ मध्ये ५,००० झाले. जुनी गाडी पाळणं हा आता स्वस्तातला नाद राहिलेला नाही.

पण मला एक गोष्ट सतावत होती, आणि ती वायरची नव्हती, चोकची होती. डिसेंबरातल्या एका सकाळी चोक, म्हणजे गार इंजिन लवकर लागावं म्हणून असलेला नॉब, ओढला, चावी फिरवली. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, घुं... घुं... करत कसाबसा फिरला, गाडी लागली, आणि चोक परत आत ढकलायला गेले तर तो जागचा हलेना. नॉब हाताला गरम लागला. चोकच्या केबलचा विजेशी काडीचा संबंध नाही. ती निव्वळ ओढायची तार आहे, एका टोकाला माझा हात, दुसऱ्या टोकाला कार्ब्युरेटर. ती तापायचं कारण काय?

हा प्रश्न घेऊन मी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगायचं तर शिवाजी उद्यमनगर म्हणजे फौंड्र्या, लेथ, वेल्डिंग आणि सुट्या भागांची दुकानं यांनी भरलेला भाग. तिथल्या एका बोळात पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. बाहेर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग, आत सेल्फ आणि डायनामो उघडून ठेवलेले, भिंतीवर अंबाबाईचं कॅलेंडर. चोकचं ऐकल्यावर मामांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"वायरिंगला कुनी हात लावू नका. आधी सांगा, गेल्या वर्सात गाडीचं काय काय काम काढलं?"

मी आठवून सांगितलं. टायर, रेडिएटरची गळती, क्लचप्लेट.

"क्लचप्लेट," मामा म्हणाले आणि टॉर्च घेऊन थेट गाडीखाली शिरले.

इथे जरा थांबून गाडीच्या वायरिंगची एक खोड सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. घरात दिव्याला दोन वायरी येतात, एकीने करंट येतो, दुसरीने परत जातो. मोटारीत येणारी वायर असते, जाणारी बहुतेक नसतेच. गाडीचा पत्रा हाच परतीचा रस्ता. बॅटरीची काळी केबल बॉडीला जोडलेली. दिवा, हॉर्न, वायपर, सगळ्यांनी आपापला करंट जवळच्या पत्र्यात सोडून द्यायचा, तो बॉडीतून फिरून बॅटरीकडे जातो. त्यामुळे तांबं निम्मं वाचतं. पण मोटारीच्या वायरिंगचा नकाशा पाहिलात तर त्यात निम्मं सर्किट काढलेलंच नसतं. प्रत्येक वस्तूच्या बुडाशी लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा मारल्या की झालं. मी वर्गात फळ्यावर सर्किट काढते तेव्हा चौकोन पुरा केल्याशिवाय कुणाला मार्क देत नाही. इथे सगळी मोटारकंपनीच चौकोन उघडा ठेवून मोकळी!

आता इंजिन. इंजिन आणि गिअरबॉक्स बॉडीला पक्के बोल्ट केलेले नसतात, हादरे बसू नयेत म्हणून रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असतात. रबरातून करंट जात नाही. सेल्फची मोटर तर इंजिनाला जोडलेली, आणि ती गाडी लावताना शंभर अँपियरच्या पुढे खेचते. तो करंट इंजिनातून बॉडीत जायला म्हणून तांब्याच्या बारीक तारा विणून केलेली एक लवचिक पट्टी असते, बोटभर रुंद, दोन्ही टोकांना लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेल्या धातूच्या टोप्या. आमच्या गाडीत ती गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत असायला हवी होती.

मामा गाडीखालून म्हणाले, "पट्टी न्हाई."

सैल न्हाई, तुटली न्हाई. पट्टीच न्हाई. गिअरबॉक्सवर तिच्या जागी नुसतं रिकामं भोक, त्यात तेलकट चिखल.

"क्लच काढताना सोडली आसंल, बसवताना ऱ्हायली. एखादा नट-बोल्ट उरला तर आमच्यात त्यो डब्यात जातो ओ ताई. डबा कुनी तपासत न्हाई."

पट्टी नसली तरी सेल्फ फिरत होता, म्हणजे करंट कुठून तरी परत जात होताच. शिवाजी पूल बंद करून सगळी अवजड वाहतूक गल्लीबोळांतून सोडली तर जे होईल तेच इथे झालं होतं. इंजिनाला आणि बॉडीला एकाच वेळी शिवणाऱ्या धातूच्या ज्या ज्या वस्तू होत्या, त्या सगळ्यांतून करंट धावत होता. चोकची केबल, कार्ब्युरेटरकडून डॅशबोर्डकडे. प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या अॅक्सलकडे थोडा. आणि स्पीडोमीटरची केबल. ती गिअरबॉक्समधून निघते आणि थेट मीटरच्या पत्र्यात घुसते. मीटरचा पत्रा बॉडीला कशाने जोडलेला? त्या काळ्या, बारीक, हातभर वायरने. दिव्यांचा अर्धा-पाऊण अँपियर नेणाऱ्या वायरमधून सेल्फचा करंट!

गणित सरळ आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१७ ओहम. तीतून १० अँपियर गेले तर दर मीटरला पावणेदोन वॅट उष्णता होते, कुणाला कळणारही नाही. ५० अँपियर गेले तर ४३ वॅट. करंट पाचपट, उष्णता पंचवीसपट, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. ज्या सोल्डरिंग आयर्नने आपण कथील वितळवतो तो २५ वॅटचा असतो. आणि गॅरेजवाल्यांनी वायर जाड टाकल्यावर ती जास्त का जळाली, तेही इथे उलगडलं. त्यांनी गल्ली रुंद करून दिली. जास्त करंट त्या वाटेने जाऊ लागला.

मग फ्यूज का उडाला नाही? कारण त्या वाटेवर फ्यूज नव्हताच. एक तर सेल्फच्या केबलला फ्यूज नसतो, आणि दुसरं म्हणजे फ्यूज नेहमी येणाऱ्या वायरवर बसवतात, परतीच्या वाटेवर कुणी बसवत नाही. फ्यूजची पेटी उघडून "सगळे फ्यूज शाबूत आहेत, म्हणजे वायरिंग ठीक आहे" असं म्हणणारे मेकॅनिक मला याच गाडीपायी भेटलेत.

मामांना हे सगळं भोक बघूनच पटलं होतं. मला आकडा हवा होता. माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर होता, त्यांच्याकडे टेस्ट लॅम्प, म्हणजे एका होल्डरात बल्ब, एका वायरला मगरीच्या जबड्यासारखा चिमटा, दुसरीला सुई. त्यांचा मल्टिमीटरवर अजिबात विश्वास नाही. "त्यो खोटं बोलतो" म्हणतात. हे ऐकून मला आधी हसू आलं, पण त्यात तथ्य आहे. डिजिटल मीटर वायरमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. पंधरा तारांपैकी चौदा तुटून एकच उरलेली असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. तिथे बल्ब लावला की तो मिणमिणतो आणि दुखणं उघडं पडतं. अशा ठिकाणी मामांचा बल्ब खरा. पण परतीच्या वाटेवर किती व्होल्ट गळतात हे बल्ब सांगू शकत नाही, तिथे मीटरच लागतो.

तेव्हा इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची मधली वायर काढली, म्हणजे गाडी लागू नये, नुसता सेल्फ फिरावा. मीटरचं लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, काळं टोक थेट बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर. चावी फिरवली. मीटरवर ४.१. वाट धड असती तर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत, खरं तर पाव व्होल्टच्या आसपास हवा. म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टमधले चार व्होल्ट चोकची केबल, स्पीडोमीटरची केबल आणि कशाकशाला तापवण्यात खर्च होत होते, आणि सेल्फ बिचारा उरलंसुरलं घेऊन घुं घुं करत होता. मग जंपर केबलचं एक टोक इंजिनाला, एक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि पुन्हा चावी. सेल्फने अशी उसळी घेतली की गाडी हलली. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "बगितलासा?"

आणखी एक कोडं त्यामुळे सुटलं. फोंडा घाट रात्री चढताना तो वास का यायचा? घाटात काही सेल्फ मारत नव्हतो. पण अल्टरनेटरही इंजिनालाच बसवलेला असतो. हेडलाइट, पंखा, वायपर यांचा सगळा करंट गाडी चालू असताना अल्टरनेटर पुरवतो, आणि तो परत अल्टरनेटरच्या अंगात, म्हणजे इंजिनातच यावा लागतो. पट्टी नाही, म्हणून रात्रभर पंधरा-वीस अँपियर उलट्या दिशेने त्याच केबलींतून वाहत राहणार. सेल्फ दोन सेकंद चटका देतो, हे मंद आचेवर तास तास शिजवणं होतं. दिवसा वास यायचा नाही, रात्री यायचा, म्हणून आमच्या घरी तो "घाटाचा वास" म्हणून मान्यही झाला होता.

पट्टी बसवणं हे अर्ध्या तासाचं काम. मामांनी दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून पार चकचकीत केल्या, रंग, गंज, तेल काही ठेवलं नाही. दातेरी वॉशर घातले, बोल्ट आवळले, वरून पेट्रोलियम जेली फासली. मी म्हटलं, आणखी एक पट्टी इंजिनाच्या पुढच्या अंगाला टाकूया. त्यांनी "कशापायी?" म्हणून पाहिलं, पण टाकली. मीटरवर आकडा आला ०.१९.

खरं काम पुढे होतं. जळलेला गोळा.

अख्खं वायरिंग बदलायचं नाही, यावर आम्हा दोघांचं एकमत होतं, कारणं मात्र वेगवेगळी. मामांचं म्हणणं, बाजारात तयार मिळणारं किट म्हणजे वायर हलकी आणि लांबी आखूड. माझं म्हणणं, उरलेलं वायरिंग अजून उत्तम आहे, ते का काढा? कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली १९८६ साली. फियाट ११०० डिलाइट १९६४ मध्ये तिथे बनू लागली, नंतर तिची प्रीमिअर प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्ये करणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणून आमच्याकडे काही जुने लोक या गाडीला अजून घरची समजतात. पूर्वी मुंबईच्या टॅक्सींच्या जिवावर हिचा कुठलाही भाग मिळायचा. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. चोकची केबल मला पुण्याहून, नाना पेठेतून मागवावी लागली.

मामांनी आधी बॅटरीचं मायनस काढलं. नेहमी मायनस आधी, कारण प्लस काढताना पाना चुकून पत्र्याला लागला तर तो तिथेच वेल्ड होतो. मायनस काढलेलं असलं की लागला तरी काही होत नाही. मग गोळ्यातली एकेक वायर सोडवायला बसले. प्रत्येक टोकाला औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळायची आणि तिच्यावर बॉलपेनने लिहायचं: "वा. हळू", "इं. डावा", "लायट". मी मोबाइलवर फोटो काढत होते, ते त्यांना पसंत नव्हतं. "फोटूत मागची बाजू दिसती व्हय?"

जळलेली वायर कुठपर्यंत कापायची, हा नाजूक भाग. आवरण जिथे वितळलंय तिथे कापून जोड मारला तर काम महिन्याभरात परत येतं, कारण नुकसान आवरणाच्या खुणेपाशी थांबत नाही. उष्णता आणि आम्लाची वाफ तारांच्या मधल्या फटींतून पुढे सरकते आणि वरून नवीकोरी दिसणारी वायर आतून काळी पडलेली असते. काळ्या तांब्यावर कथील बसत नाही, लगही नीट धरत नाही. मामा दोन बोटं पुढे आवरण सोलायचे, तार उन्हात धरायचे, अंगठ्याच्या नखाने ओढून बघायचे. काळी? आणखी दोन बोटं. तपकिरी? आणखी. शेवटी जिथे तांबं नव्या पैशासारखं लालसर चमकलं तिथे पक्कड लावली. एक इंडिकेटरची वायर अशी करत करत स्टिअरिंगपर्यंत गेली.

जोड पिळून वर टेप मारायची, ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत. काळ्या पीव्हीसी टेपचा डिंक उन्हाळ्यात सुटतो, टेप सरकते, पिळा उघडा पडतो. मामा पिळा देत नाहीत आणि कथीलही लावत नाहीत. "कथील लावलं की तार ताठ हुती. जितं ताठपना संपतो तितं हादऱ्यानं तुटती." त्यांचं काम दाबाचं: तांब्याची नळी, त्यात दोन्ही बाजूंनी तारा, दाबायच्या पकडीने घट्ट दाबायची, आणि वर स्लीव्ह घालून काडेपेटीची काडी फिरवली की ती आक्रसून बसते. सगळे जोड एकाच ठिकाणी येऊ नयेत म्हणून प्रत्येक वायर थोड्या वेगळ्या जागी कापलेली. वर सुती टेप. रंगांवरून मात्र आमचं वाजलं. त्यांच्याकडे लाल वायरचं मोठं भेंडोळं होतं आणि सगळं लालमध्ये उरकायचा त्यांचा बेत होता. मी दुकानं पालथी घालून रंगाला रंग आणला. उद्या मी नसले, मामा नसले, आणि कुणीतरी हा डॅशबोर्ड उघडला, तर त्याला सगळ्या लाल वायरी दिसू नयेत एवढंच. या बाबतीत मी हट्टी आहे.

वायरी सोडवताना ड्रायव्हरच्या सीटखालच्या मॅटमध्ये चोर स्विच सापडला. पूर्वी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून कॉइलची वायर मध्ये तोडून तिथे लपवून एक स्विच बसवत. तो बंद असला की चावी असूनही गाडी लागत नाही. हा इतका बेमालूम लपवलेला की डॉक्टरांनाही ठाऊक नव्हता. त्यांच्याही आधीच्या कुणीतरी बसवलेला. खड्ड्यात गाडी कधीतरी आचका देऊन बंद पडायची आणि आपली आपण सुरू व्हायची, त्याचा उगम इथे होता. दोन उघडे पिळे, वर पघळलेली टेप. अशा गाड्यांत कॉइलच्या लाइनला फ्यूज नसतो, तेव्हा तो पिळा सीटच्या रुळाला टेकला असता तर पुढचं वायरिंग त्याच्यापायी गेलं असतं. मामांना तो ठेवायचा होता. "कामाचं हाय, असू दे की." मी काढून टाकला. ही गाडी चोरणाऱ्याला आधी ती चालू तर करता आली पाहिजे.

सगळं जोडून झाल्यावर मामांनी एक युक्ती केली, ती मी आता वर्गात करून दाखवते. एकेक फ्यूज काढून त्याच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडायचा. त्या लाइनवर कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. शॉर्ट नसेल तर मंद पेटतो किंवा पेटत नाही. बल्बमधून पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे शॉर्ट कितीही जबर असला तरी वायर जळत नाही, शोधायला हवा तेवढा वेळ मिळतो. पार्किंगच्या लाइनवर बल्ब मंद होता. मामा म्हणाले, "आता सगळी दारं उघडझाप करा." दारांनी काही झालं नाही. मी डिकी उचलली आणि पुढून ओरडा आला, "थांबा! तशीच धरा!" नंबर प्लेटच्या दिव्याची वायर डिकीच्या बिजागरीत घासून सोलली होती. डिकी वर केली की पत्र्याला टेकायची, खाली केली की सुटायची. सामान काढताना मागचे दिवे का जातात, हे कोडं गाडीच्या कितव्या मालकापासून चालत आलेलं असेल कोण जाणे. तिथला फ्यूजही अस्सल नव्हता. सिगारेटच्या पाकिटातली चांदी त्याच्यावर गुंडाळलेली होती. चांदी गुंडाळणारा माणूस त्या रात्री घरी नक्की पोचला असणार, त्याबद्दल त्याला दोष देत नाही. घरी पोचल्यावर ती काढायची राहिली.

हेडलाइटवर आमचं अर्धंच जमलं. डॉक्टरांनी १०० वॅटचे बल्ब टाकले होते. दोन बल्बना मिळून जवळजवळ १७ अँपियर, आणि तो सगळा स्विचमधून. स्विचच्या झिजलेल्या टोकांत दशांश एक ओहम जरी रोध असला तरी तिथे २८ वॅट उष्णता होणार. ६० वॅटच्या बल्बना तीच १० वर येते. स्विचचं प्लास्टिक पिवळं पडून तडकलं होतंच. मामा म्हणाले, साठचे बल्ब टाका, मिटलं. मी म्हटलं, साठचेच टाकू, पण रिलेही, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, लावू, म्हणजे आपल्या स्विचमधून जेमतेम पाव अँपियर जाईल आणि बल्बला बॅटरीतून थेट पुरवठा मिळेल. रिले म्हणजे चार नवे जोड, आणि जोड म्हणजे चार नवी दुखणी, असं त्यांचं मत. रिले लागले. उजेड आधीच्या शंभरपेक्षा चांगला पडतो, कारण बल्बपाशी साडेदहाऐवजी बारा व्होल्टच्या वर पोचतात. मामांनी हे मान्य केलं, पण मोठ्याने नाही.

मेन फ्यूजचा वाद मात्र मिटलेला नाही. बॅटरीकडून डॅशबोर्डकडे येणाऱ्या मुख्य वायरवर काहीच नाही, ती कुठे घासली तर गाडी जाईल. मी ६० अँपियरचा फ्यूज आणि होल्डर आणून दिलाय. मामांचा मुद्दा असा की घाटात रात्री वळणावर तो एक फ्यूज उडाला तर हेडलाइटसकट सगळी गाडी एका क्षणात काळोखात, आणि वायर जळायला थोडा तरी वेळ लागतो, तेवढ्यात माणूस कडेला घेतो. याला माझ्याकडे पटण्याजोगं उत्तर नाही. हेडलाइट मेन फ्यूजच्या आधीच वेगळे काढून डाव्याला एक, उजव्याला एक असा स्वतंत्र फ्यूज द्यावा, असं मी सुचवलं. ते बराच वेळ होल्डर हातात फिरवत बसले, मग तो ड्रॉवरमध्ये टाकला.

"दिवाळीनंतर बघू," म्हणाले. "आदी त्या वायपरचं बघा, त्यो डाव्या अंगाला अडकतोय."